पर्यटकाच्या बॅगेतले सहा गाऊन

तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती कशी आहे ते मला माहीत आहे. (कोणी सांगितलं ते विचारू नकोस. भाच्यालाही रागावू नकोस.) नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट उशीखाली सरकवलं असशील, म्हणून मुख्य गोष्ट आधीच लिहितो. गेल्या मंगळवारी मी तुझ्या गावात होतो. गावात म्हणजे विमानतळावर. तुझं हॉस्पिटल तिथून चाळीस मिनिटांवर आहे असं भिंतीवरचा नकाशा म्हणत होता. त्या नकाशासमोर मी अकरा तास बसलो, आणि मग त्यांनी मला आल्या वाटेने परत पाठवलं. हे कसं घडलं ते सविस्तर सांगतो. हसू आलं तर टाके सांभाळून हस.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी एका पंपाचं पोट फाडून बसलो होतो. मामा, आईचं ऑपरेशन झालं, हात वर जात नाही, डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलतात, असं तो म्हणाला. मी हात धुतले आणि तडक समोरच्या प्रवास-एजंटाकडे गेलो. हा गृहस्थ आमच्या वर्कशॉपसमोरच्या जिन्याखाली टेबल टाकून बसतो. त्याला सगळे सर्वज्ञ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तो ते मान हलवून स्वीकारतो. (तो स्वतः कधी विमानात बसलेला नाही, हे मला परत आल्यावर कळलं.) तो म्हणाला, काका, तिकडे आपल्याला तीस दिवस व्हिसाच लागत नाही, कोपऱ्यावर भाजी आणायला जावं तसं जायचं. मला बरं वाटलं. मग त्याने खणातून एक कागद काढला. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याच्या जागेचं बुकिंग हवं, बँकेचा कागद हवा, आणि निघायच्या तीन दिवस आधी मोबाइलवर फॉर्म भरायला हवा. मी विचारलं, मग लागत नाही ते नक्की काय? तो म्हणाला, व्हिसा.

त्या फॉर्मवर दोन रकाने होते, त्यांनीच माझा घात केला. एक धंद्याचा, दुसरा 'तिथे कोणी नातेवाईक आहे का' असा. सर्वज्ञ म्हणाला, आजारी बहीण लिहिलीत तर ते म्हणतील हा सेवेला राहणार, तीस दिवसांचे तीनशे करणार. कारागीर लिहिलंत तर म्हणतील काम शोधायला आलाय. पहिल्यात 'निवृत्त' घाला, दुसऱ्यात 'कोणी नाही'. ताई, वर्कशॉपात झाडू मारण्यापासून सुरुवात करून आज सात माणसं हाताखाली असलेला मी, गिऱ्हाइकाने पंप जळाला म्हटलं तरी स्वतः कान लावल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पण त्या दिवशी जिन्याखालच्या माणसावर ठेवला. मी त्याच्यासमोर 'कोणी नाही' असं स्वतःच्या बोटाने टाइप केलं. वर त्याने मला तीन प्रेक्षणीय स्थळं पाठ करायला दिली, तलाव, मनोरा आणि संग्रहालय.

इकडे तुझी भावजय शिवणयंत्रावर बसली. हात वर जात नाही म्हणजे डोक्यातून घालायचं काही चालणार नाही, म्हणून तिने समोरून उघडणारे सहा गाऊन शिवले, मऊ सुती. बटणं कुशीवर झोपताना टोचतात म्हणून बंद लावले. गळ्याला बारीकशी लेस लावली. (हॉस्पिटलात लेस कशाला असं मी म्हणालो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्कशॉपला निघून गेलो.) तुझं माप विचारलं तेव्हा मी हातांनी दाखवलं. ती म्हणाली, हे नऊ वर्षांपूर्वीचं. दोन बोटं कमी करून कापलं. मग पुन्हा एक बोट.

तिकडे विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने माझे सगळे कागद पाहिले आणि सगळे बरोबर निघाले. आयुष्यात पहिल्यांदा माझे सगळे कागद बरोबर होते. मग त्याने विचारलं, काय काय बघणार? मी पाठ म्हटलं. तो म्हणाला, संग्रहालय दोन वर्षांपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. मी म्हटलं, बाहेरून बघेन. त्यावर तो माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या नखांकडे बघायला लागला. तीस वर्षांचं ग्रीस असं दोन दिवसांत निघत नाही, कितीही निवृत्त झालं तरी. त्याने मला आतल्या खोलीत पाठवलं.

त्या खोलीत खुर्च्या जमिनीला बोल्ट मारून बसवल्या होत्या, जणू कोणी त्या घेऊन देशात घुसेल. माझ्या शेजारी एक नवं जोडपं होतं. परतीचं तिकीट नंतर काढू असं नवरा म्हणाला होता, आणि बायको त्याला ते सारखं ऐकवत होती. पलीकडे एका म्हाताऱ्याच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांना अकरा दिवस कमी भरत होती, आणि तो ते अकरा दिवस पुन्हा पुन्हा बोटांवर मोजत होता. भिंतीवर मोठा पंखा होता. तो नुसता फिरत होता असं इतरांना वाटत होतं, मला मात्र त्याची बेअरिंग रडताना ऐकू येत होती. तीन तास मी ते ऐकलं. मग पहारेकऱ्याला खुणांनी सांगितलं की हा शुक्रवारच्या पुढे जात नाही, मला एक पाना द्या, दहा मिनिटांचं काम आहे. त्याने हे जाऊन अधिकाऱ्याला सांगितलं. असा माझा पहिला रकाना गेला.

दुसऱ्यासाठी त्यांनी बॅग उघडली. अधिकाऱ्याने टेबलावर फोन ठेवला, त्यातून एक दुभाषी बाई आपल्या भाषेत बोलायला लागल्या. आवाज तरुण होता, पण दमलेला. अधिकाऱ्याने एकेक गाऊन उलगडून टेबलावर पसरला. सहा झाल्यावर त्याने विचारलं, हे कोणाचे? इथे मला कोणी नाही हे मी लिहून दिलेलं होतं, तेव्हा दुसरं उत्तर उरलंच नव्हतं.

"माझे," मी म्हणालो.

 मग बाई हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलाल ते मला आहे तसं सांगावं लागतं. सांगू?"

मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं. अधिकारी उठला आणि त्याने एक गाऊन माझ्या पोटापुढे धरून पाहिला. तो एका बाजूलासुद्धा पुरत नव्हता. लेस माझ्या हनुवटीखाली आली. नवऱ्याशी भांडणारी ती मुलगीसुद्धा हसली. मग अधिकाऱ्याने बंद हातात घेतले, समोरची उघडी बाजू पाहिली, आणि हे कुठे घालतात ते त्याला कळलं. तो हसला नाही. त्याने गाऊन घडी करून ठेवला. वाईट घडी केली, पण केली.

मग मी खरं सांगितलं. बहीण आहे, आजारी आहे, तिला भेटायला आलो. तो म्हणाला, तिला फोन लावतो, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मी भाच्याचा नंबर दिला. भाचा औषधं आणायला खाली गेला असावा, कारण फोन तू उचललास. मंगळवारी संध्याकाळी विमानतळावरून जो फोन आला, तो का आला हे तुला कोणी सांगितलं नसेल. तो माझ्यासाठी होता. मी टेबलाच्या या बाजूला होतो.

तिकडची भाषा मला अर्धीमुर्धीच कळते, पण तू जे बोललीस ते सगळं कळलं. भाऊ आहे, तू म्हणालीस, पण तो येणार नाही. त्याने पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, मी ओळखते ना त्याला, तो येणाऱ्यातला नाही, आता मला झोपू द्या. आणि फोन ठेवलास. आवाज बारीक झालाय तुझा. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलं की सदर बाईंचा भाऊ येणार नाही, तेव्हा हा इसम तो नव्हे. त्याच्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं.

तुझं काही चुकलं नाही. आई गेली तेव्हा मी तुला तिसऱ्या दिवशी कळवलं. तू धावत सुटशील, पोचणार नाहीस, वाटेत हाल होतील, असा विचार माझा मीच केला आणि तुझ्या वतीने ठरवूनही टाकलं. दाराशी तुझे कागद मी तपासले, ताई, आणि तुला आत घेतलं नाही. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं. जमिनीला जखडलेल्या खुर्चीवर अकरा तास बसल्यावर तसं वाटत नाही.

बाकी सर्व क्षेम. काळजी घे, म्हणजे भावजयीच्या शब्दांत, बाईसाहेबांना म्हणावं खा नीट.

तुझा (फॉर्म काहीही म्हणो) धाकटा

ता.क. गाऊन या पत्रासोबत पार्सलने पाठवतो आहे. गाऊनांना फॉर्म भरावा लागत नाही. सैल झाले तर बंद मागे नेऊन बांधून घे, भावजयीने ते लांबच ठेवलेत.

ता.क. २. सर्वज्ञाशी मी बोलत नाही. तो मात्र लोकांना सांगतो की माझं गिऱ्हाईक अकरा तास परदेशात राहून आलं.

ता.क. ३. निघताना अधिकाऱ्याने माझ्या हातात एक कागद दिला. मला पुन्हा येता येईल, पण तिथल्या नातेवाइकाचं पत्र हवं. मजकूर त्याने छापूनच दिलाय, भाचा तिकडच्या भाषेत भरेल. खाली दोन वाक्यं मात्र तुझ्या हातची लागतात, एक, हा माझा भाऊ आहे, आणि दुसरं, मी त्याची वाट पाहते आहे. पहिलं तू फोनवर सांगितलंच आहेस. दुसरं खरं नसेल तर लिहू नकोस. खोटं लिहिल्यावर काय होतं ते मी बघून आलोय.

लिहिलंस तर तारीख घाल. सवडीने पाठव, मला घाई नाही.

(हेही खोटं.)