मिसेस थ्रेलफॉल यांची घासलेली किटली

हार्थवेल, लँकशायर, इंग्लंड
९ मार्च (पावसाचा सलग बारावा दिवस)

ओपल मावशीस वेंडेलचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की उजवा आता बरा आहे आणि डावा त्याच्यावर जळतो. डाव्यालाही उतार पडला असेल अशी आशा आहे. चर्चच्या जत्रेत तू भट्टीत भाजलेल्या चेरीच्या गोड पायला पहिलं बक्षीस मिळालं का तेही कळव. लॉयल काकांना माझा नमस्कार सांग. तू त्यांना अजूनही स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसशील, तर दारातूनच सांग. मी इकडे सुखरूप आहे, म्हणजे दिवसातून तीनदा जेवतो आणि एकदा भाजतो. इथल्या बेसिनला दोन नळ असतात. एकातून उकळतं पाणी येतं, दुसऱ्यातून बर्फाचं, आणि कोमट पाणी ज्याचं त्याने मनातल्या मनात करून घ्यायचं. पाच महिने झाले, माझा डावा हात लाल असतो आणि उजवा निळा. मी मिसेस थ्रेलफॉल यांना (माझ्या घरमालकीणबाई; पासष्टीच्या, विधवा, स्वभावाने अतिशय सभ्य, आणि हीच तर सगळी अडचण आहे) विचारलं, की दोन्ही पाणी एकाच नळातून का येत नाही? त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "कशाला?" मी दोन्ही हात टॉवेलात गुंडाळले.

शिक्षण नीट चाललं आहे. जुन्या लाकडी सामानाची डागडुजी मी आता बऱ्यापैकी शिकलो आहे आणि जुलैत परीक्षा आहे. तुला ठाऊकच आहे की याआधी मी दोन कॉलेजं अर्धवट सोडली. हेही अर्धवट राहिलं तर आपल्या गावात मला कुणी कोंबडीचं खुराडंसुद्धा दुरुस्त करायला देणार नाही. म्हणून मी फार जपून वागतो. एक वही केली आहे, तिच्यात इथल्या चालीरीती क्रमांक घालून लिहितो (सध्या त्रेसष्ट झाल्या आहेत, शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे). उदाहरणार्थ, क्रमांक ७: कुणी आपला पाय तुडवला तर माफी आपण मागायची. क्रमांक ४१: 'कल्पना छान आहे' असं कुणी म्हणालं तर ती कल्पना त्याच क्षणी सोडून द्यायची. तुला वाटेल, एवढी वही असल्यावर माणूस कशाला चुकेल? मलाही तसंच वाटत होतं.

त्याचं असं झालं. माझी खोली ईस्टरपर्यंतचीच ठरली होती. पुढे जुलैपर्यंत ठेवून घ्याल का, असं मी मिसेस थ्रेलफॉल यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बघू." कॉलेजला महिनाअखेर पत्ता कळवायचा आहे, आणि या गावात दुसरी खोली मिळणं म्हणजे इथे ऊन मिळण्यासारखं आहे. तेव्हा बाईंना खूश करावं असं मी ठरवलं. मागच्या महिन्यात एका शनिवारी त्या बहिणीकडे गेल्या. घरात त्यांची एक चहाची किटली आहे, तपकिरी, मातीची, पोट सुटलेली. झाकण उघडून पाहिलं तर आत काळंकुट्ट! मावशी, आपल्या शेताच्या विहिरीतसुद्धा इतका अंधार नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या हाताला आता जोर नसेल असं वाटून माझे डोळे भरून आले. मी खायचा सोडा घेतला, व्हिनेगर घेतलं, दातांचा ब्रश घेतला (माझाच, नवीन) आणि तीन तास ती किटली घासली. तोटीत काडीला फडकं गुंडाळून घातलं. शेवटी आतून अशी पांढरीशुभ्र निघाली की तिच्यात तोंड दिसावं. ती खिडकीत उपडी घालून मी वाट पाहत बसलो.

बाई आल्या. त्यांनी किटली उचलली, आत पाहिलं, आणि कोट न काढताच खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "स्वच्छ केलीस होय. किती कष्ट घेतलेस, बाळ." मी विचारलं, काही चुकलं का? "छे, छे. काही झालं नाही. तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस." मावशी, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर कुठला शहाणा माणूस मनाला लावून घेईल? मी नाहीच घेतलं. वरच्या खोलीत जाऊन शिट्टी वाजवली.

सोमवारी चहाबरोबर चॉकलेट लावलेली बिस्किटं यायची, त्याऐवजी साधी आली. गुरुवारी साधीही आली नाहीत. शनिवारपासून बाई माझ्याशी हवामानाबद्दल बोलेनाशा झाल्या, आणि तेव्हा मात्र मी घाबरलो. या देशात घरात चोर शिरला तरी आधी पावसाबद्दल दोन शब्द बोलतात. शेजारचे मिस्टर ऑग्डेन (निवृत्त बसचालक, गेली वीस वर्षं ठीक चार वाजता आमच्याकडे चहाला येतात) एक घोट घेऊन कपात असे पाहू लागले, जणू तळाशी बेडूक बसला आहे. मग हळूच म्हणाले, "पाणी मात्र छान तापलंय हो."

खरं काय ते मला पुढच्या मंगळवारी बसच्या रांगेत कळलं.

"पोरा, ती किटली तू साबणाने घासलीस?" ऑग्डेननी विचारलं.

मी म्हटलं, साबणाने नाही. सोडा, व्हिनेगर आणि ब्रश. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. रांगेतले पुढचे दोघे एकेक पाऊल लांब सरकले. चहाची किटली आतून कधी घासायची नसते, नुसती पाण्याने विसळायची, हे म्हणे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आतलं काळं पुट हीच किटलीची कमाई. आणि ही किटली बाईंच्या नवऱ्याने, हॅरल्डने, लग्नात आणलेली; सकाळचा चहा तोच करायचा. तो गेल्यावर बाईंनी त्याचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला. किटलीत रोज चहा केला.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलो.

"सांगितलं की. बिस्किटं बंद केली ना?"

"त्या म्हणाल्या काही झालं नाही!"

"मग काय तुझ्यावर खेकसायला हवं होतं? ही काय अमेरिका आहे?"

मावशी, आमच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जुन्या वस्तूवर साचलेला काळ खरवडायचा नाही. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. पण ते कपाटांबद्दल होतं!

मी घरी जाऊन माफी मागितली. त्यावर बाईंनीच माझी माफी मागितली, की आधी सांगायला हवं होतं. मी पुन्हा मागितली, त्यांनी पुन्हा मागितली. अशा चार फेऱ्या झाल्यावर त्या दमून उठल्या आणि विषय जिथे होता तिथेच राहिला. मग मी चाळीस पुड्यांचा चहा उकळून किटलीत दिवसभर भरून ठेवला. बाईंनी तो डांबरासारखा चहा पाहिला आणि म्हणाल्या, "कल्पना छान आहे." (क्रमांक ४१ पाहा.) तेव्हापासून सकाळी सहाला उठून त्यांचा चहा मीच करतो आणि किटली नुसती विसळून ठेवतो. खोलीचं उत्तर अजून 'बघू'च आहे. महिनाअखेर तीन आठवड्यांवर आली.

बाकी सर्व ठीक. डाव्या गुडघ्याला जप.

तुझा,
वेंडेल

ता. क. आजीच्या बिडाच्या तव्याचं काळं पुट तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला कुणीतरी तारेच्या घासणीने घासून काढलं होतं, ते तू परत कसं आणलंस? चरबी किती, किती महिने, सगळं क्रमवार लिही. बाईंना दाखवीन. निदान असं पुट परत येतं, एवढं तरी त्यांना कळेल.

ता. क. २. तो तवा लॉयल काकांनी घासला नव्हता. मी घासला होता. तू चर्चमध्ये होतीस आणि मला तुला खूश करायचं होतं. तू आलीस आणि अशी ओरडलीस की धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू गेलं, मी काकांच्या पाठीमागे लपलो, आणि काका पुढे होऊन म्हणाले, "मीच घासला." तेव्हापासून ते स्वयंपाकघराबाहेर आहेत. ओरडून झाल्यावर दहा मिनिटांत तू सगळ्यांना चेरीचा पाय वाढलास, हे मला इथे फार आठवतं. आता माझ्यावर ओरड. फोनवर ओरडलीस तरी चालेल, मी रविवारी घरीच असतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मिसेस थ्रेलफॉल चहा घेऊन वर आल्या. आधी म्हणाल्या, पाऊस थांबायचं लक्षण दिसत नाही. मग किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा अजून पुचाटच होतो. पण तू रोज करतोयस तर जुलैपर्यंत रंग धरेल बहुधा." आणि गेल्या. मी वही काढली; असा प्रकार तिच्यात नाही. धावत जाऊन ऑग्डेनना विचारलं, तर ते म्हणाले, "गाढवा, खोली मिळाली तुला." बशीत दोन बिस्किटं होती, चॉकलेटची. तेव्हा तव्याची कृती पाठवायची घाई नाही. दुसरा ता. क. खोडून टाकावा असंही एकदा मनात आलं, पण खाडाखोड केलेलं पत्र टपालात टाकायचं नाही हे तूच शिकवलंस. तेव्हा तो तसाच राहू दे, आणि काकांना आत घे.