पाच तासांची बाटली

२ फेब्रुवारी १९७६

चंद्रव्वाला जाऊन आज महिना झाला. माझी पाठची बहीण! जुलाबांनी वाळून काडी झाली होती. तिचा नवरा शिवप्पा दुधनीहून आला, परत तेच — "अक्का, रिपोर्ट नॉर्मल व्हता की! आमी काय करणार?"

रिपोर्ट डॉक्टर मल्लिकार्जुनचा. एका खास साखरेचं पाणी पाजायचं, पुढच्या पाच तासांची सगळी लघवी बाटलीत धरायची. आतडं चांगलं असेल तर साखर लघवीत उतरते. तिची उतरली. "आतडं ठणठणीत, दुखणं मनाचं आहे." झालं! औषधं बंद.

एका बाटलीवरून! आणि हा माझा विद्यार्थी. प्रयोग पुन्हा करून बघायचा कंटाळा त्याला तेव्हाही होता.

५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. म्हटलं, "एवढी पक्की तपासणी, तर तूच पी ते पाणी. माझ्यासमोर."

हसला. "बाई, माझ्या आतड्याला काय धाड भरलीय? शेंगाचटणी वाटीनं खातो मी!"

"मग भितोस कशाला?"

रविवारी येतो म्हणाला. ये बाबा, ये!

८ फेब्रुवारी, रविवार

उपाशीपोटी आला, पाणी प्यायला, लघवी बाटलीत धरत इथंच बसून राहिला. वेळ भरली तसा आंघोळ करून लिंगपूजेला बसला — पूजेशिवाय जेवत नाही. लिंग तळहातावर घेतलं की मागं वळून बघत नाही, हे मला ठाऊक.

त्याच्या लघवीची अर्धी बाटली मोरीत ओतली — साखर तेवढी कमी भरणार.

मग त्याला आग्रहानं वाढलं.

१० फेब्रुवारी

त्याच्याच लॅबमधून आकडा आला. कमी! स्वतःच्याच तपासणीत नापास! त्याचं तोंड उतरलं होतं. "परत करून बघतो, बाई."

स्वतःसाठी परत! चंद्रव्वासाठी नाही सुचलं!

येत्या रविवारी डॉक्टरांची सभा आहे. तिथं उभी राहून विचारणार — धडधाकट डॉक्टर कागदावर आजारी, आणि जी मेली ती कागदावर नॉर्मल. बोला! भर सभेत त्याला मान वर करू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

भाषण तयार. एक शब्द बदलायचा नाही.

१४ फेब्रुवारी

मल्लिकार्जुन येऊन गेला. तपासणी परत केली — दोनदा. बाटली स्वतःच्या कुलपात ठेवून. दोन्ही वेळा आकडा कमीच. उद्या मुंबईला निघालाय, आतड्याचा तुकडा काढून बघणार आहेत. "बाई, तुम्ही बळेच पाजलंत म्हणून माझं दुखणं कळलं तरी," म्हणाला, आणि माझ्या पाया पडला.