स्टिअरिंगचं वाकलेलं चाक तसंच ठेवावं

मी गुरुसिद्धप्पा वल्द बसप्पा, वय एकसष्ट, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर, होशहवास शाबूत असताना, कुणाच्या धाकदपटशाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीचं दुखणं बळावलं आहे. डोकं ठिकाणावर आहे, आणि ते आज तापलेलं आहे हेही नोंदवून ठेवतो.

कलम १. घराच्या दोन खोल्या आणि पान्ह्यांची पेटी माझी मुलगी जगदेवी हिची. पुतण्या रेवणप्पा यानं हक्क सांगू नये. मी मोटर दुरुस्त करत होतो तेव्हा "काका, भंगारात कशाला जीव घालता?" म्हणून हसला, आणि आता तीच विकायला गिऱ्हाईक आणतो. त्याला माझी जुनी चप्पल द्यावी.

कलम २. ही मोटर मूळची आण्णासाहेब देशमुखांची, मी तेव्हा त्यांचा ड्रायव्हर. दहा वर्षांमागे तुळजापूरच्या घाटात मला डावीकडं बसवून ते स्वतः चालवायला बसले. उतारावर भरधाव सोडली. मोळी घेऊन चाललेली द्वारकाबाई जागीच गेली आणि मोटर मोरीवर आदळली. कोर्टात मुन्सिफासमोर मालक म्हणाले, "डायवरनं ठोकली." त्या दिवशी मोटारीत मागं बसलेला त्यांचा आचारी वीरभद्र मान खाली घालून उभा राहिला. सजा मी भोगली, दीड वर्ष. सुटून आलो तर गोठ्यामागं पडलेला मोटारीचा सांगाडा दाखवून मालक म्हणाले, "घिऊन जा तुजं करम." तसं लिहूनही दिलं. तो कागद पेटीत आहे.

पैसा नव्हता. वाकलेली चेसी महारुद्र लोहाराच्या भट्टीत तापवून सरळ केली. फुटका रेडिएटर कल्हईवाल्याकडून डागून घेतला. टप गोणपाटाचा शिवला. सोलापूरच्या जुन्या बाजारातला कार्बुरेटर जगदेवीनं भाकरीच्या टोपलीतून, जकात चुकवून, करोडगिरी नाक्यापार आणला. लढाईमुळं बाजारात ट्यूब मिळेनात, तर टायरात गवत ठासलं. आठ वर्षं गेली, पण मोटर चालते.

स्टिअरिंगचं चाक मात्र मी सरळ केलेलं नाही. ते आण्णासाहेबांच्या छातीनं वाकलं आहे. त्यांच्या दोन फासळ्या तेव्हा मोडल्या, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या छातीला ओरखडाही नव्हता. मुन्सिफानं ते चाक पाहिलं नाही.

कलम ३. मोटर जगदेवीची. देशमुखांना आता पोराच्या वरातीला ती हवी आहे. लाज कशी वाटत नाही? कितीही दिले तरी देऊ नये.

कलम ४. आमच्यात मयत बसवून नेतात. मला याच मोटारीत, त्या दिवशी बसलो होतो त्याच डावीकडच्या सीटवर बसवावं. जगदेवीनं चालवावी. आधी देशमुखांच्या दारावरून न्यावी, मग ज्ञानोबाच्या. ज्ञानोबा द्वारकाबाईचा नवरा. दहा वर्षं तो मला पाहून थुंकतो. त्याच्यावर मला रागावता येत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

साक्षीला मुद्दाम वीरभद्रला बोलावलं आहे. न आल्यास त्याला माझा तळतळाट.

सही: गुरुसिद्धप्पा वल्द बसप्पा
मुक्काम तामलवाडी, जिल्हा उस्मानाबाद. माघ, शके १८६७, फसली १३५५.

साक्षीदार १: महारुद्र लोहार, सही.

साक्षीदार २: वीरभद्र, आचारी, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा देण्याआधी त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं आहे: "म्या मागं बसलो व्हतो. गाडी मालक हाकीत व्हते. गुरुसिद्धप्पा दोनदा वरडला, 'म्होरं बाई हाय, थांबवा.' ज्ञानोबाला म्या आजच जाऊन सांगतो."