शरणागतीच्या कागदावरची सही

एगैला, कुवेत
शुक्रवार, दुपार

प्रिय मुझफ्फर,

माझं हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी हसशील. इथे जहरातल्या दुकानात बसून तू मला फोनवर दिवसाला दहा निरोप पाठवायचास आणि मी आळशी माणूस एक अंगठा पाठवून मोकळा व्हायचो. तोच मी चार पानं लिहायला बसलोय, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तू ओळखशीलच. फोन दोनदा हातात घेतला होता. पण तू लगेच ‘असू दे रे नंद्या’ म्हणाला असतास आणि मी ते पदरात पाडून घेतलं असतं. मी स्वतःला चांगला ओळखतो.

निमित्त अंतराचं झालं. तिला शाळेत प्रकल्प दिलाय, इंग्रजांचे पराभव आणि शरणागती. ऐकून मी इतका खूश झालो की अर्चना म्हणाली, प्रकल्प तुझा आहे की पोरीचा? श्रीवर्धनच्या शाळेतली आपली वही आठवते ना? इतिहासाचे सर गव्हर्नर जनरलांच्या सनावळ्या पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की छडी. त्याचा सूड म्हणून आपण गोरे कुठे कुठे हरले त्याची वही काढली. पहिल्या पानावर अर्थातच वडगाव, सन १७७९, कारण तिथे आपल्या लोकांनी त्यांची फौज कोंडून तह लिहून घेतला होता. मग काबूलहून माघार. मग तो झुलूंनी केलेला पराभव, ज्याच्या गावाचं नाव आपल्या दोघांनाही शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. मग सिंगापूर. प्रत्येक पराभवापुढे तू लाल शाईने फुली मारायचास, आणि आपण असे हसायचो की जणू लढाई आपणच मारली.

कुतला आपण दोन फुल्या मारल्या होत्या, तेरा हजार माणसं एका दिवसात शरण आली म्हणून. कुत इथून फार लांब नाही रे. तुझ्या दुकानावरून सरहद्दीकडे जाणारा रस्ता धरला की पुढे इराकातलं बसरा, आणि त्याच्या वर नदीकाठी कुत. १९१६ साली तिथे पाच महिने वेढा पडला, घोडे मारून खायची पाळी आली आणि शेवटी इंग्रज सेनापतीने तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली. आपल्या पुस्तकात एवढंच होतं. आता अंतराबरोबर वाचताना कळलं, की त्या तेरा हजारांत बहुतेक हिंदुस्थानचे शिपाई आणि नोकरचाकर होते. मराठा पलटणी होत्या, आपल्याकडच्या माणसांच्या. त्यांना वाळवंटातून उपाशी चालवत नेलं आणि त्यांतले हजारो परत आलेच नाहीत. सेनापतीला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर चांगलं घर मिळालं, चाकर मिळाले. त्याचा कुत्रासुद्धा सुखरूप बसऱ्याला पोचवला गेला. आणि आपण टाळ्या पिटत होतो! अंतराने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं, की बाबा, कागदावर सही करणाऱ्या माणसाला शिक्षा काय झाली? काहीच नाही, म्हटलं. मग मला तिच्यासमोर बसवेना, म्हणून मी पाणी प्यायला उठलो.

मुझ्या, ऑगस्टमध्ये मला बढती मिळाली. तेलाच्या टाक्यांवरची धूळ सुटली, एसीखाली टेबल मिळालं, कंपनीने एगैलात हे मोठं घर दिलं. तू दुकान सोडून गावी परतला होतास, तिथून अभिनंदन केलंस. म्हणालास, तौफीकभाई असता तर त्याने अख्ख्या कॅम्पला बिर्याणी घातली असती. तो जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. सुलैबिखातच्या कब्रस्तानात तुझ्याशेजारी उभं राहून मीही तुझ्या भावाला तीन मुठी माती दिली होती, आणि तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होतास. त्याच्या आदल्याच दिवशी मी सही करून आलो होतो. तुझं रडणं थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. माझ्यासारखी माणसं गप्प बसण्यात पटाईत असतात. पण परवा तुझ्या अब्बांचा फोन आला. तुला माहीत नसेल, तू बाजारात गेला होतास म्हणे. ऐंशी वर्षांचा माणूस माझी माफी मागत होता. माझ्या तौफीकने नियम मोडला, त्याच्यापायी तुला साहेबांची बोलणी खावी लागली असतील, तू त्याला माफ कर, नाहीतर त्याला तिकडे चैन पडायचं नाही, असं म्हणाले. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, असू द्या अब्बा. मुझ्या, मी त्यांना चक्क माफ केलं.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. टाकी साफ करायला माणूस आत उतरण्याआधी दर खेपेला आतली हवा यंत्राने तपासायची, आकडे तक्त्यात भरायचे आणि सही करायची, हे काम माझं होतं. उन्हाळ्यात अकरा ते चार काम बंद, म्हणून एका दिवसात दोनदा उतरावं लागायचं आणि दोनदा तपासावं लागायचं. त्या दिवशी चार वाजता यंत्र दुसऱ्या टाकीवर गेलं होतं. मी सकाळचेच आकडे दुपारच्या रकान्यात उतरवले. असं आम्ही सगळेच करायचो, सकाळी ठीक तर दुपारीही ठीक. तळाचा गाळ मात्र पाच तास तापून विषारी वायू सोडत होता. नंतर कंपनीने कागद पुढे केला, की कामगार न विचारता आत उतरला. त्याच्या खाली माझी सही आहे. या पत्राची नक्कल मी रविवारी तपास करणाऱ्या कचेरीत स्वतः नेऊन देणार आहे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंग होईल. अर्चनाला सांगितलंय, ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही. तू माझं तोंड बघू नकोस, पण एवढं कर. हे अब्बांना वाचून दाखव, आणि जुम्म्याला मशिदीबाहेर चार माणसांतही वाच. तौफीकभाईने नियम मोडला नाही. शिडीवर एक पाय ठेवून तो थांबला होता आणि त्याने मला विचारलं होतं, की हवा बघितली ना? मी म्हणालो, बघितली. तो माझ्या शब्दावर खाली उतरला.

तुझाच म्हणवायचा हक्क ज्याला आता राहिला नाही, तो
नंदकुमार