भरल्या ताटावरून

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार. संकष्टी

चंद्रोदयाला घरी नव्हते! गाळ्यावर तांदळाच्या पिठीची पोती उतरवून घेत होते. घरी आले तर सासूबाई ताट झाकून बसलेल्या, उपास न सोडता. म्हटलं, "आई, तुम्ही घ्यायचं होतं." तर म्हणाल्या, "तूपण उपाशीच ना दिवसभर? एकत्र सोडू."

मी दुपारी विसरून वडापाव खाल्ला होता. एक नाही, दोन. सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर बसले, देवाला नमस्कार केला आणि साळसूदपणे उपास सोडला. मोडलेला उपास सोडणारी बदलापुरात मी एकटीच असेन.

यंदा चतुर्थीला पाच हजार मोदकांच्या ऑर्डरी! ऐकून समीरच्या चेहऱ्यावर नवरेपणाचा अभिमान वगैरे दिसला. घरातल्या एका मोदकपात्रावर आई आणि मी सुरू केलं तेव्हा आईंची एकच अट होती — पहिला घाणा घरच्या गणपतीला, मग गिऱ्हाईक. तेच मी आता बॉक्सवर छापलंय, सोनेरी अक्षरात. 'पहिला घाणा बाप्पाचा.' लोकांना फार आवडतं. मी मात्र सकाळी देवाला हात जोडते ते चपला घालता घालता.

३० ऑगस्ट, शुक्रवार

तेजल येऊन गेली. रील करणारी. कॉलेजातली पोरगी, पण बोलते अशी की मीच तिच्याकडे कामाला आहे. "ताई, मोदक काय, सगळेच विकतात. तुमच्याकडे देव आहे! तो दाखवा ना!" चतुर्थीच्या सकाळी घरीच शूट करायचं म्हणते. आजी नऊवारीत, पहिल्या घाण्याचा नैवेद्य, वाफ, समई. "एकदम अस्सल वाटलं पाहिजे."

आईंना विचारलं. "देव जेवताना कसला गं फोटो?" म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून, "बरं, तुझ्या धंद्याला बरं असेल तर घे." संध्याकाळी पाहिलं तर कपाटातली हिरवी नऊवारी काढून, घडी मोडून, दोरीवर वारा द्यायला टाकलेली. मला थोडं कसंतरी झालं. तेवढ्यात फोन आला, विसरले.

६ सप्टेंबर, शुक्रवार. हरतालिका

पाय सुजलेत. सारण झालं, केळीची पानं आली, हळदीची पानं कमी पडणार. गाळ्यावरच्या विठाबाई म्हणाल्या, "ताई, जरा देवाचं नाव घ्या, शांत वाटेल." मी म्हटलं, "घेतेय ना! प्रत्येक बॉक्सवर छापलंय!" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

७ सप्टेंबर, शनिवार. चतुर्थी

आज नाही लिहवत.

८ सप्टेंबर, रविवार. ऋषिपंचमी

लिहिते. कुणाला तरी सांगायला हवं आणि समीरला सांगायची हिंमत नाही.

काल पहिला घाणा उतरला तो थेट बॉक्समध्ये. दुसरा, तिसराही. म्हटलं, रीलसाठी घरी जायचंच आहे, तेव्हा आपले घेऊन जाऊ. पण तेजलचे फोनवर फोन. "ताई, खिडकीतला उजेड चाललाय!" तेव्हा हाताशी तयार असे एकवीसच होते — उल्हासनगरच्या मनोहर सेठचे. खास ऑर्डर, केशर आणि वर चांदीचा वर्ख. आमचे अजून वाफेवर होते. मी सेठचं ताट उचललं आणि रिक्षात बसले. कॅमेऱ्यापुरतं ठेवायचं, मग बॉक्समध्ये भरून पुढे पाठवायचं. हे ठरवताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही! उलट आपण किती हुशार, असं वाटलं.

आई हिरव्या नऊवारीत तयार. केस ओले. गणपतीसमोर पाण्याचं चौकोनी मंडल काढलेलं. त्यावर ताट ठेवलं तेव्हा त्या मोदकांकडे बघतच राहिल्या. "चांदी लावलीस गं त्याच्यासाठी?" म्हणाल्या. मी "हो" म्हणाले.

हो म्हणाले मी!

त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, घास भरवावा तसा हात देवाकडे नेला. तेजल म्हणाली, "आजी, परत एकदा, हात थोडा वर." आई म्हणाल्या, "देवाला परत एकदा काय?" पण केलं. माझ्यासाठी. पुन्हा डोळे मिटले. इतक्यात माझा फोन थरथरला. सेठ. "बहनजी, पंडितजी आसन पे बैठ गये हैं। प्रसाद किधर है?" तेजलनं अंगठा दाखवला — झालं. आणि मी, आईंचे डोळे मिटलेले असताना, त्यांच्या हाताखालून ताट काढून घेतलं. आवाज होऊ दिला नाही. स्वयंपाकघरात बॉक्स भरला, खाली रिक्षावाला उभाच होता, त्याच्या हातात दिला.

परत आले तेव्हा आईंनी डोळे उघडले होते. समोर नुसतं पाण्याचं मंडल. त्या त्याच्याकडे बघत होत्या. आधी त्यांना वाटलं असावं, आपलंच काही चुकलं. इकडे तिकडे पाहिलं, पाटाखालीसुद्धा. मग मी दारात दिसले.

"आई, ते ऑर्डरचे होते. आपले येतायत, वीस मिनिटांत."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, तो जेवायला बसला होता," एवढंच म्हणाल्या. जरा वेळानं, "भरल्या ताटावरून उठवलंस गं त्याला."

तेजल तिथेच होती. तिनं फोन खिशात घातला आणि चपला शोधायला लागली.

वीस मिनिटं कसली! आमचा घाणा गाळ्यावरच्या बायांनी दुसऱ्या बॉक्समध्ये भरला, त्यांना काय माहीत! दुपार टळल्यावर घरी आले ते फुटलेले, सारण बाहेर आलेले, गिऱ्हाइकाला देता येत नाहीत ते. तोवर आईंनी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवून टाकला होता आणि त्यातलाच एक खडा तोंडात टाकून पडल्या होत्या. माझे मोदक त्यांनी खाल्ले नाहीत. खाणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. "राहू दे, नंतर," म्हणाल्या.

आणि अजून एक आहे, ते मला रात्री अंथरुणात सुचलं. नैवेद्य तर दाखवून झाला होता. म्हणजे सेठच्या गणपतीपुढे मी आमच्या गणपतीचं उष्टं मांडलं. सेठचा संध्याकाळी फोन आला होता. "क्या मोदक थे बहनजी! घर में सब खुश!" मी थँक्यू म्हणाले.

९ सप्टेंबर, सोमवार

तेजलनं रील टाकली. मागे बासरी लावलीय. आईंचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा, देवाकडे नेलेला हात, वाफ, वर्ख. ताट उचलण्याच्या आधीच कापलीय, अर्थातच. वर लिहिलंय, 'जिथे देव आधी, तिथे चव आपोआप.'

खाली लोक काय काय लिहितात! 'अशी सून मिळायला नशीब लागतं.' 'हे संस्कार.' नाशिकच्या एका बाईनं लिहिलंय, व्हिडिओ बघून डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण तिला काय कळणार ते.

तेजलला फोन करून म्हटलं, काढून टाक. "ताई, काय बोलताय! लाखावर गेलीय!" मग मी म्हटलं, बरं, बघू. बघू म्हणाले. माझ्याच पानावर आहे, मीही काढू शकते. फोन हातात घेतला, ठेवला. अनंत चतुर्दशीच्या ऑर्डरी त्या रीलवरूनच येतायत.

१० सप्टेंबर, मंगळवार. गौरी आल्या

सुयोग आणि किर्ती आले अंबरनाथहून. समीरचा धाकटा भाऊ आणि जाऊ. शिवमंदिराच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. दरवर्षी गौरीला येतात, किर्ती आल्याआल्या पदर खोचून कामाला लागते. आज तिनं घावन केले. आईंनी दोन मागून घेतले. मागून!

जेवणं झाल्यावर आई म्हणाल्या, सगळ्यांसमोर, अगदी भाजीचं बोलावं तसं, "सुयोग, पुढल्या वर्षी गणपतीचा पाट तुझ्याकडून जाऊ दे."

मूर्तीशाळेत ज्या घरचा पाट जातो त्या घरी गणपती येतो. आमच्याकडे तो थोरल्याच्या घरचा. समीरच्या आजोबांपासून. गावाहून इकडे आला तोही थोरल्याबरोबरच आला.

सुयोग म्हणाला, "आई, दोन खोल्यांत कुठे बसवायचा?"

"खोली त्याला नाही लागत. घरात माणूस लागतं."

समीर तापला. "आमच्यात काय कमी आहे? मखर बघा, एवढं मोठं घर घेतलं ते कुणासाठी?" आईंनी समोरची ताटं एकात एक ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, आता सांगतील. सगळ्यांपुढे. ताट, वर्ख, सगळं. नाही सांगितलं. पदराला हात पुसले आणि गौरीला हळदीकुंकू वाहायला गेल्या.

मी भांडी घासत बसले. किर्ती म्हणाली, "ताई, ठेवा, मी करते." मी सोडली नाहीत.

११ सप्टेंबर, बुधवार

समीर विचारतो, "तुझं आणि आईचं काही झालंय का?" म्हटलं, नाही.

आईंशी बोलायचं ठरवून त्यांच्या खोलीत गेले. वाती वळत होत्या. म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी चतुर्थीला ऑर्डरी बंद ठेवते. एकही घेणार नाही. देव इथेच राहू दे."

त्यांनी वात वळली, दुसरी घेतली. "बंद कशाला ठेवतेस? लोकांच्या घरीपण तोच असतो. त्याला पोचतंच ते." मग म्हणाल्या, "मी रागावले नाही गं, अनुया. तुला वेळ नाही एवढंच. पाहुण्याला अशा घरी बोलवू नये जिथे कुणाला वेळ नाही."

मी त्यांच्या पाया पडले नाही. पडायला हवं होतं, सुचलंच नाही. खिशात फोन वाजत होता.

१२ सप्टेंबर, गुरुवार. विसर्जन

तलावावर गर्दी. समीरच्या डोळ्यांत पाणी होतं, मूर्ती सोडताना हात सुटेना. आमच्या घरून शेवटचा.

परत येताना पाट आईंच्या मांडीवर होता, तलावातली वाळू लागलेला. त्या तशाच सुयोगबरोबर रिक्षात बसून अंबरनाथला गेल्या. "चार दिवस राहून येते," म्हणाल्या. सोबत कपड्यांची मोठी पिशवी होती. चार दिवसांना तेवढी लागत नाही.

घरी आले, रिकामं मखर बघितलं. मला काय वाटलं ते लिहायचंय म्हणून लिहिते. हलकं वाटलं! पुढच्या वर्षी सकाळी घरी धावायला नको, सोवळं नको, गाळ्यावरच थांबता येईल, हजारभर मोदक जास्त निघतील — हा हिशोब मनात झाला, मी मखराची वायर काढत असताना. आपोआप झाला. मग इतकी लाज वाटली की बाथरूमचं दार लावून बसले. समीरला वाटलं, गणपती गेला म्हणून रडतेय. त्यानं दारातून हाक मारली, "अगं, अंबरनाथ काय लांब आहे का!"

१७ सप्टेंबर, मंगळवार. अनंत चतुर्दशी

इथल्या महिला मंडळाचं पत्र. मला 'यशस्विनी' म्हणून सत्कार. 'व्यवसायाच्या केंद्रस्थानी देवाला ठेवल्याबद्दल.' कळवलं, तब्येत बरी नाही. तब्येत उत्तम आहे. नाही म्हणताना तरी खरं बोलायचं होतं.

रील अजून आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

आई अंबरनाथलाच आहेत. देवघरात आता मी दिवा लावते. आज उदबत्ती लावायची राहिली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रील काढली. दिवाळीच्या ऑर्डरी भरल्यानंतर काढली, हेही लिहून ठेवते.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

सकाळी किर्तीचा फोन. आज पाट मूर्तीशाळेत नेऊन दिला म्हणाली. मग जरा चाचरत, "ताई, आई म्हणतात, मोदक तुमच्याच हातचे हवेत. एकवीस. चतुर्थीचे."

आणि तोंडातून काय निघालं? "डिलिव्हरी किती वाजता हवी?"

मग मागून आईंचा आवाज आला, स्पष्ट, "विचार तिला, स्वतः घेऊन येतेस की माणूस पाठवतेस?"

चतुर्थीची सकाळ. यंदा सात हजार आहेत.

"मीच येते" म्हणाले मी. पण लगेच नाही म्हणाले. मध्ये गप्प होते, आणि तिकडे फोन स्पीकरवर होता.