सगळ्या देवांचं देऊळ

अहो,

श्रीवत्सच्या आई, कनकाबाई, आज आपल्या रुचाला नकार द्यायलाच आल्या होत्या. पण हॉलमध्ये तुमच्या ग्रीक-रोमन छापचित्रांतलं ते घुमटाचं देऊळ दिसलं आणि त्यांनी हात जोडले. "कुठल्या देवाचं?" म्हणाल्या. तुम्ही सांगितलेलं आठवून मी म्हटलं, "सगळ्या देवांचं."

"मग या घरातल्या मुलीला नको कसं म्हणू?" म्हणत त्यांनी होकारच दिला! जोडप्याला तिथे दर्शनाला न्यायचंय म्हणे. बस कुठून सुटते, विचारत होत्या.

आम्ही साड्यांसाठी टी. नगरला जातोय. येताना त्या पुन्हा घरी येतील. तुम्ही नगररचनाकार असलात तरी रोम कसं वसवलं ते आज सांगू नका. त्या रोमन न्हाणीघरातल्या उघड्या पैलवानांचं चित्र कपाटामागे ठेवलंय, तिथेच राहू दे.

आज तुमच्या चित्रांना अडगळ म्हणणार नाही. उद्याचं उद्या बघू.

अलकनंदा