कानाचं पोस्टर

सोमवार, ३ फेब्रुवारी

गट जाहीर झाले. कॅप्टन माझ्याच गटात! तीस जणांच्या वर्गात हाच मिळायचा होता.

कॅप्टन हे नाव आम्हीच पाडलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरला आणि बाकं कशी लावायची ते शिपायाला शिकवू लागला, म्हणून. त्याला ती चेष्टा आहे हेही कळत नाही. नावाने हाक मारली तर ओ देत नाही, कॅप्टन म्हटलं की छाती पुढे.

उरलेले दोघे – चष्मा आणि पेंगुळ. चष्मा सगळ्या जगाकडे कॅमेऱ्यातून बघते आणि जग तिला नेहमी तिरकं दिसतं. पेंगुळ बसल्या जागी झोपतो. चालतानाही झोपत असावा.

काम असं: ग्रंथालयात कथावाचनाची संध्याकाळ आहे, तिचं पोस्टर करायचं. कॉम्प्युटर नाही, हाताने. प्रत्येकाने एक करायचं, गटातलं एक निवडलं जाणार, आणि ते छापून गावभर लागणार. ते तिघे हसतखेळत ऐकत होते. माझं तसं नाही. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, माझा या चित्रकलेच्या संस्थेतला प्रवेश तात्पुरता आहे. तास संपल्यावर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "तुझं निवडलं गेलं तर मला वर दाखवायला काहीतरी होईल. नाहीतर सत्र संपल्यावर मी काही करू शकणार नाही. आधीच सांगून ठेवते."

आधीच सांगितलं हे बरं केलं. आता झोप येणार नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निवड कशी होणार ते आज समजलं. जुन्या मुलांनी या प्रकाराला "बाईंची भिंत" असं नाव ठेवलंय आणि बोलताना आवाज खाली घेतात.

चार पोस्टरं भिंतीवर टाचायची. नाव पाठीमागे लिहायचं, पुढे नाही. एक दिवस नुसतं बघायचं. कोणाचं कुठलं, कसं झालं – तोंडातून अवाक्षर नाही. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. दुसऱ्या दिवशी पहिले तिघे एकेक पोस्टर उलटं करतात, तोंड भिंतीकडे. पाठीवरचं नाव तेव्हा सगळ्यांना दिसतं. चौथ्याने उभं राहून उरलेल्या पोस्टरच्या बाजूने बोलायचं. उलटं झालेलं पुन्हा सुलटं होत नाही.

मी विचारलं, आपलं ओळखू आलं तर? बाई म्हणाल्या, "येणारच. मग ते वाचवायला दुसऱ्याचं उलटं करा. पोस्टरबरोबर माणसंही कळतात मला."

कसायाच्या दुकानात शिकायला बसल्यासारखं वाटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गटाची बैठक. प्रत्येकाने कल्पना सांगायची. चष्मा – उघड्या पुस्तकाचा फोटो बघून रंगवणार. पेंगुळ – चंद्र. (दुसरं काय!) कॅप्टन – माइक, मागे प्रकाशाचे झोत, लाल आणि सोनेरी. मी म्हणालो, एक मोठा कान. फक्त कान.

कॅप्टन म्हणाला, "कशाचं पोस्टर आहे? कान-नाक-घसा तपासणी शिबिराचं?"

चष्मा हसली. पेंगुळ हसण्यासाठी जागा झाला! एरवी आग लागली तरी उठणार नाही.

मी म्हणालो, कथा ऐकायला येणार ना लोक, बघायला नाही. माझा आवाज बारीक झाला, नेहमीसारखा. कॅप्टनने पाठीवर थाप मारली. "कर रे, कर. मळ तेवढा काढून टाक म्हणजे झालं."

ती थाप अजून पाठीवर आहे. धुऊनसुद्धा जात नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईला खिडकीशी बसवून तिचा कान काढला. तिच्या डाव्या पाळीला खाच आहे. लहानपणी मीच तिचं कानातलं ओढलं होतं म्हणे. ती खाच आधी टाळली. मग वाटलं, हीच तर तिची खूण. घेतली. आणि कान एकदम कोणाचा तरी झाला!

भावोजी कामावरून आले. बूट काढता काढता: "काय चाललंय?"

"कान काढतोय."

"कान? बायकोचे कान मी भरतो, मेहुणा काढतो. बरं चाललंय घर."

ताई म्हणाली, "अहो, गप्प बसा ना जरा, हलतं चित्र."

"चित्र हलू दे. याची नोकरी कधी हलणार? बावीस वर्षांचा घोडा कागदावर कान काढतोय."

ताई मान न हलवता बसून राहिली. भावोजींचं जेवण उशिरा वाढलं. हेही बोलणंच झालं तिचं.

सोमवार, १० फेब्रुवारी

कॅप्टनचा कच्चा आराखडा पाहिला. "निशुल्क" लिहिलंय. विसर्ग नाही! "संध्याकाळ"च्या जागी "संधाकाळ". मी सांगणार नाही. छापू दे तसंच, नाचू दे गावभर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज बाईंनी सगळ्यांचं अर्धवट काम पाहिलं. माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "कान जिवंत आहे." एवढ्यावर थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण नाही. "अक्षरं मात्र मुंग्यांची रांग आहे. दारातून वाचता आलं पाहिजे. रस्त्यावरचा माणूस तुझ्यासाठी थांबणार नाही."

मी मुद्दामच लहान ठेवली आहेत. मोठ्याने ओरडून कोणी ऐकत नाही. हळू बोललं की माणूस जवळ येतो. हे मनात किती नीट सुचतं! तोंडातून निघालं ते एवढंच – "हो बाई."

बाई पुढे गेल्या आणि कॅप्टन आला. हात मागे बांधून, पाहणीला आल्यासारखा. "त्या बरोबर बोलल्या. मी मोठी करून देऊ का? जाड ब्रश आहे माझ्याकडे. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हणालो, "माझ्या पोस्टरला हात लावलास तर याद राख."

"अरे, मदत करतोय."

"तू मदत करत नाहीस, तू हुकूम करतोस. आधी स्वतःचं शुद्धलेखन बघ!"

सगळी खोली बघायला लागली. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर बरं वाटलं. फार बरं वाटलं!

आजपासून त्याच्याशी बोलणं बंद. ठरलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्याने "शुभ सकाळ" म्हटलं. मी भिंतीकडे बघितलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पूर्ण झालं. संस्थेत, आमच्या गटाच्या खोलीत लांब टेबलावर वाळत ठेवलं. सोमवारी दुपारपर्यंत जमा करायचं आहे, पण ओला रंग घेऊन बसमध्ये चढलो तर कानाची पुरी वाट लागेल. पाठीवर नाव घातलं, सुवाच्य, शब्दकोश बघून घ्यावं इतक्या काळजीने – माझंच नाव!

शेजारी कॅप्टन आपल्या माइकला सोनेरी रंग चोपडत होता. पाण्याचा मग, ब्रश, चिंध्या, सगळा पसारा माझ्या बाजूला सरकलेला. माणसाने किती जागा खावी! तो मग जरा पलीकडे घे, एवढंच सांगायचं होतं. पण बोलणं बंद आहे. मी आपला आलो निघून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी ग्रंथालयात जाऊन सभागृहाची वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली. पोस्टरवर बरोबरच आहे. तिथली बाई म्हणाली, तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय.

संस्थेत पोहोचलो तर फाटकाशीच कॅप्टन. डोळे लाल, नखांत रंग. रविवारभर कुठे उंडारत होता कोण जाणे. "ऐक ना, तुझ्या पोस्टरचं—"

मी बाजूने निघून गेलो.

नळापाशी पुन्हा. "अरे बाबा, दोन मिनिटं—" मी नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पँट भिजली ती भिजलीच.

मग चष्माला पाठवलं. ती म्हणाली, "त्याला तुझ्याशी बोलायचंय. काय ते मलाही सांगत नाही. ऐकून घे की एकदा."

"त्याला म्हणावं, लेखी अर्ज कर. शुद्ध भाषेत."

"तू पण ना! असा वागलास तर तुझ्याशी कोण बोलेल?"

नको बोलू दे. मी काय इथे सोयरीक जमवायला आलोय?

खोलीत गेलो तर टेबल रिकामं. पेंगुळ म्हणाला, चारही पोस्टरं बाईंकडे गेली, कॅप्टनने जमा केली. माझं जमा करायला त्याला कोणी सांगितलं होतं? हुकूमशहा!

जाताना जिन्यात त्याने शेवटचं अडवलं. मी मान फिरवली. तो म्हणाला, "बरं, जाऊ दे. भिंतीवर बघशीलच."

धमकी देतो! मला!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहून ठेवतो, उद्या लागेल.

भिंत लागली. चार पोस्टरं. चष्माचं पुस्तक. पेंगुळचा चंद्र. कॅप्टनचा माइक – सोनेरी, लाल, आणि "संधाकाळ" तसंच. चौथा – कान.

पण माझा नाही!

दारातूनच कळलं. दारातून वाचता येत होतं ना सगळं! अक्षरं हातभर, जाड ब्रशची. रेघ संपताना कोरडा फटकारा, तो कोणाचा ते वर्गातलं कोणीही सांगेल. जवळ गेलो. कानाची रेघ जाड, माझ्यासारखी नाजूक नाही. आणि पाळीवर खाच. ताईच्या पाळीवरची खाच! ती त्याच्या बापाने पाहिली आहे का? माझ्या चित्रावर कागद ठेवून गिरवलंय त्याने. माझी वाक्यं, माझा विसर्गसुद्धा जसाच्या तसा उचलला. आणि माझं पोस्टर कुठे आहे? कुठेच नाही. माझं काढून टाकलं आणि स्वतःची दोन लावली. म्हणून जमा करायची घाई! म्हणून "भिंतीवर बघशीलच"!

बाईंकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "भिंत लागली की तक्रार नाही. उद्या नावं दिसली की काय ते बोल."

"पण बाई, माझं—"

"उद्या."

मागे कॅप्टन उभा. माझ्याकडे बघून हसला. हसला! भुवया उंचावल्या, म्हणजे – कसं आहे? एवढा कोडगेपणा मी जन्मात पाहिला नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिली चष्मा, दुसरा पेंगुळ, तिसरा मी. चौथा तो. म्हणजे शेवटी उभं राहून बोलणारही तोच.

चष्मा पेंगुळचा चंद्र उलटा करणार, दोन आठवडे त्याला नावं ठेवतेय. पेंगुळ तिचं पुस्तक उलटं करून वचपा काढणार. उरतील दोन, दोन्ही चोराची. मी कुठलंही उलटं केलं तरी तोच जिंकणार आणि मी घरी बसणार. भावोजींना काय तोंड दाखवू?

पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. पोस्टर उलटं केलं की पाठीवरचं नाव दिसतं. माइक त्याचा आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. मी कान उलटा करणार. सगळ्या वर्गासमोर. त्याचं नाव बाईंनी आपल्या डोळ्यांनी वाचू दे. मग बोलेन, आणि या वेळी आवाज बारीक होऊ देणार नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्याला एकदा विचारून तरी बघ रे."

विचारायचं काय त्यात!

बुधवार, १९ फेब्रुवारी

चंद्र गेला, पुस्तक गेलं. मी ताडताड गेलो, टाचण्या उपटल्या, कान उलटा करून टाचला आणि न बघताच वर्गाकडे वळून ओरडलो, "वाचा नाव!"

चष्माने वाचलं. माझं नाव होतं. त्याच्या अक्षरात.

कॅप्टन म्हणाला, "शुक्रवारी माझा मग सांडला तुझ्या कागदावर. लगदा झाला. रविवारभर बसून पुन्हा केलं. हेच सांगायला मागे लागलो होतो ना, गाढवा!"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. उलटं झालेलं सुलटं होत नाही.

मग उरलेल्या माइकच्या बाजूने बोलायची त्याची पाळी आली. तो उठला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, बघितला, परत ठेवला.

"मी कानावर बोलायची तयारी करून आलो होतो," म्हणाला, आणि खाली बसला.